तीन गुण नकोत

४ जून १९९५. दक्षिण आफ्रिकेतलं ब्लूमफाँटेन शहर, रग्बी विश्वचषकातला साखळी सामना, न्यूझीलंड विरुद्ध जपान. न्यूझीलंडची पुढची फेरी आधीच पक्की झाली होती. म्हणून त्यांनी नेहमीच्या बऱ्याच खेळाडूंना विश्रांती दिली आणि राखीव फळी मैदानात उतरवली. मध्यंतराला फलकावर ८४-३ असे आकडे होते. सामना संपला तेव्हा १४५-१७. एकवीस ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय) म्हणजे दर चार मिनिटांना एक, आणि प्रत्येक ट्रायनंतर किकसाठी जाणारा वेळ धरला तर त्याहूनही भरभर. सायमन कलहेन हा पोरगा आयुष्यातला पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता; त्याने एकट्याने ४५ गुण केले. मार्क एलिसने सहा ट्राय केले. विश्वचषकाच्या नोंदवहीतले या दोघांचे हे आकडे अजून कुणाला पुसता आलेले नाहीत. जपानच्या हिरोयुकी काजिहारानेही त्या दिवशी दोन ट्राय केले होते, पण ते लक्षात कोण ठेवणार?

जपानी लोक त्या दिवसाला ‘ब्लूमफाँटेनचं दुःस्वप्न’ म्हणतात. त्या न्यूझीलंड संघात सहा नंबरची जर्सी घालून जेमी जोसेफ नावाचा एक दांडगा फ्लँकर खेळत होता. चोवीस वर्षांनी जपान विश्वचषकात पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरीत पोचला तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक हाच माणूस होता.

जपानच्या रग्बीची गोष्ट सहसा २०१५ पासून, ब्रायटनच्या त्या संध्याकाळपासून सांगतात आणि तिला चमत्कार म्हणतात. एकदा चमत्कार म्हटला की मग कुणी कारणं विचारत नाही. मला त्यामागची, पहिल्या विश्वचषकापासूनची अठ्ठावीस वर्षं जास्त मोलाची वाटतात. जपानी रग्बीला नडली ती खेळाडूंची उंची नव्हे. अंगात मुरलेली एक सवय नडली: मोठ्या संघासमोर हरायचंच आहे, तर नीट, सभ्यपणे हरावं.

हा खेळ तिथे नवखा नव्हता. १८९९ साली एडवर्ड क्लार्क हा योकोहामात जन्मलेला इंग्रज आणि केंब्रिजला शिकून आलेला गिन्नोसुके तानाका या दोघांनी केइओ विद्यापीठातल्या मुलांच्या हाती तो लांबोडका चेंडू दिला. पुढे विद्यापीठांनी रग्बीला डोक्यावर घेतलं. १९८०च्या दशकात वासेदा आणि मेइजी या दोन विद्यापीठांचा डिसेंबरातला सामना पाहायला तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियमवर साठ हजारांवर लोक जमत. शिक्षण संपलं की खेळाडू पोलाद, वीज, मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांत नोकरीला लागायचे. दिवसा कचेरी, संध्याकाळी सराव. सामना संपल्यावर दोन बाजू उरत नाहीत, म्हणून शेवटच्या शिट्टीला इंग्रज पूर्वी ‘नो साइड’ म्हणत. इंग्रज हा शब्द केव्हाच विसरले. जपान्यांनी मात्र तो जपला, त्याच्याभोवती एक सबंध नीतिशास्त्र उभं केलं. एखाद्या खेळावर इतकं निर्मळ प्रेम असणं चांगलंच, पण या प्रेमातच मेख होती. रग्बी त्यांच्यासाठी चारित्र्य घडवण्याचं साधन होती. जिंकण्याहारण्याचा मुद्दा त्यानंतर येई.

१९८७ साली पहिला विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला तेव्हा पात्रता फेरी नव्हती, सोळा संघांना सरळ आमंत्रणं गेली. त्यांत जपान होता. ब्रिस्बेनला अमेरिकेविरुद्धचा पहिला सामना हातातला होता. तो १८-२१ असा गेला. मग इंग्लंडने ६०-७ असं झोडपलं. ऑस्ट्रेलियासमोर मात्र २३-४२ अशी बरी झुंज दिली.

त्या संघात नोफोमुली ताउमोएफोलाऊ हा टोंगाचा विंगर होता, आणि तो जपानच्या जर्सीत कसा आला ही गंमत सांगायलाच हवी. टोंगाचे राजे चौथे ताउफाआहाऊ तुपोऊ यांना सोरोबानचं, म्हणजे जपानी मणिचौकटीचं, मोठं वेड होतं. आपल्याकडे गल्लोगल्ली ॲबॅकसचे क्लास निघाले त्याच्या कितीतरी आधी या राजाने ठरवलं की आपल्या बेटावरच्या मुलांनी मण्यांवर हिशेब शिकावा. म्हणून १९८० साली दोन टोंगन तरुण तोक्योच्या दाइतो बुंका विद्यापीठात आले. यायचं कारण सोरोबान, पण दोघांची अंगकाठी पाहून रग्बीच्या मैदानाने त्यांना ओढून घेतलं. नोफोमुली हा त्यातला एक. त्याच्या मागोमाग आणखी मुलं येत राहिली. त्यांतला सिनाली लातू पहिल्या तिन्ही विश्वचषकांत जपानकडून खेळला. जपानच्या संघात परदेशी चेहरे कुठून आले असं आजही लोक विचारतात. सुरुवात लाकडी मण्यांपासून झाली, हे त्याचं उत्तर.

१९८९ मध्ये संघ हिरोआकी शुकुझावा या बँक अधिकाऱ्याच्या हाती आला. सुमितोमो बँकेच्या नोकरीत त्यांनी लंडनमध्ये काही वर्षं काढली होती, तिथली रग्बी जवळून पाहिली होती. त्यांच्या पहिल्याच परीक्षेला स्कॉटलंड आला. स्कॉटलंडने सराव बंद दाराआड ठेवला, तर शुकुझावांनी शेजारच्या उंच इमारतीवरून तो पाहिला, असा किस्सा सांगितला जातो. सामना जपानने २८-२४ असा जिंकला. स्कॉटलंडचे चांगले खेळाडू तेव्हा दुसऱ्या दौऱ्यावर होते आणि त्यांच्या मंडळाने हा सामना अधिकृत कसोटी मानलाच नाही. पण बँकेतल्या माणसाने गणित बरोबर सोडवलं होतं. दोन वर्षांनी १९९१च्या विश्वचषकात स्कॉटलंड आणि आयर्लंडकडून हार झाली, पण १४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये झिंबाब्वेला ५२-८ असं हरवून जपानने विश्वचषकातला पहिला विजय मिळवला. कर्णधार होता सेइजी हिराओ. देखणा, मैदानावर विचार करणारा, जपानी रग्बीचा लाडका. पुढचा विजय यायला चोवीस वर्षं लागतील असं त्या रात्री कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

हिराओ ज्या कोबे स्टील कंपनीकडून खेळायचा तिने राष्ट्रीय अजिंक्यपद ओळीने सात वेळा जिंकलं. सातवं १५ जानेवारी १९९५ला आलं. कंपन्यांचा विजेता आणि विद्यापीठांचा विजेता अशी ती लढत असे. समोर होतं दाइतो बुंका विद्यापीठ आणि निकाल होता १०२-१४. दोन दिवसांनी कोबे शहर भूकंपाने कोसळलं, आणि साडेचार महिन्यांनी ब्लूमफाँटेन झालं. १०२-१४ आणि १४५-१७ हे दोन निकाल मला नेहमी शेजारीशेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. देशातल्या सर्वोच्च सामन्यात अठ्ठ्याऐंशी गुणांचा फरक लाजिरवाणा वाटत नसेल, हरलेल्या पोरांचं झुंजल्याबद्दल कौतुकच होत असेल, तर बाहेर गेल्यावर नेमकं काय होणार?

ब्लूमफाँटेनची वेळही वाईट होती. जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल लीग १९९३ मध्ये सुरू झाली होती आणि मुलं तिकडे वळत होती. १९९५च्या ऑगस्टमध्ये जागतिक रग्बीने हौशीपणाचा नियम काढून टाकला. इतर देशांत खेळाडूंना पगार सुरू झाले. जपानमध्ये कचेरी आणि संध्याकाळचा सराव चालूच राहिला.

१९९७ला हिराओ स्वतः प्रशिक्षक झाला आणि त्याने धाडस केलं. अँड्र्यू मॅककॉर्मिक या न्यूझीलंडरला कर्णधार नेमलं. जपानचा तो पहिला परदेशात जन्मलेला कर्णधार. पूर्वी न्यूझीलंडकडून खेळलेले दोघे, ग्रॅहम बॅकप आणि आपला ब्लूमफाँटेनचा जेमी जोसेफ, यांनाही जपानची जर्सी दिली. नियमात तेव्हा ते बसत होतं. लवकरच एका खेळाडूला एकच देश असा नियम आला. वर्तमानपत्रांनी चेरीची फुलं आणि ‘ऑल ब्लॅक्स’ एकत्र करून या संघाला ‘चेरी ब्लॅक्स’ म्हणायला सुरुवात केली. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त. १९९९च्या विश्वचषकात सामोआ, वेल्स, अर्जेंटिना, तिघांकडूनही हार. उसनी माणसं आणूनही हरलात, असं झालं. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात चारही सामने गेले, पण स्कॉटलंड आणि फ्रान्सला घाम फोडला म्हणून तिथल्या पत्रकारांनी ‘ब्रेव्ह ब्लॉसम्स’, शूर फुलं, असं नाव दिलं. नाव गोड आहे आणि अजून टिकून आहे. मला मात्र त्यात पाठीवरची थाप ऐकू येते, हरलेल्या पाहुण्याला दारात निरोप देताना मारतात तशी.

मग न्यूझीलंडचा पहिल्या विश्वविजेत्या संघातला विंगर जॉन करवान प्रशिक्षक म्हणून आला. त्याने हिशेब मांडला: दोन सामन्यांमध्ये चारच दिवस मिळतात, तर मोठ्या संघासमोर दुसरी फळी उतरवायची आणि चांगले खेळाडू जिंकता येण्याजोग्या सामन्यासाठी राखायचे. २००७ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३-९१ आणि त्यानंतर फिजीकडून ३१-३५. २०११ला न्यूझीलंडविरुद्ध ७-८३ आणि त्यानंतर टोंगाकडून १८-३१. एक सामना सोडून दुसरा मिळवायचा होता, दोन्ही गेले. कॅनडाशी मात्र दोन्ही वेळा बरोबरी, १२-१२ आणि २३-२३. २००७ला बोर्दोमध्ये शोतारो ओनिशीने अगदी शेवटी, मैदानाच्या कडेवरून मारलेली किक आत गेली म्हणून पहिली बरोबरी हाती लागली. सात विश्वचषक, चोवीस सामने, एक विजय, दोन बरोबऱ्या, एकवीस पराभव. या खात्यावर २०१९चं यजमानपद जपानला २००९ मध्येच मिळून गेलं होतं. घरी लग्न ठरलंय आणि घर गळतंय, अशी अवस्था.

२०१२ला एडी जोन्स आला. ऑस्ट्रेलियन, पण आई जपानी वंशाची, बायको जपानी. दक्षिण आफ्रिकेने २००७चा विश्वचषक जिंकला तेव्हा हा त्यांच्या प्रशिक्षकवर्गात होता. जूनमध्ये एका फ्रेंच निवड संघाकडून घरच्या मैदानावर हार झाली. पत्रकार परिषदेत शेजारी बसलेला कर्णधार तोशिआकी हिरोसे बोलताना किंचित हसला. जपानमध्ये अवघडलेपणातही माणूस हसतो, पण जोन्सचा तोल सुटला; यात हसण्यासारखं काही नाही, असं तो सगळ्यांसमोर ओरडला. त्याची चित्रफीत अजून पाहायला मिळते आणि पाहताना अंगावर काटा येतो. मुळात ती एका माणसाची अपमानास्पद खरडपट्टी आहे; पण जोन्सचा राग त्या हसण्यामागच्या पन्नास वर्षांवर होता.

पहाटे पाचला सराव सुरू होऊ लागला. दिवसातून तीन-तीन सत्रं. फ्रान्सचा जुना हूकर मार्क दाल मासो स्क्रम शिकवायला आला. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंच्या आठ-आठ जणांनी खांद्याला खांदा भिडवून केलेली रेटारेटी. तिथे बुटक्या जपान्यांचा निभाव लागणार नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. दाल मासोने त्यांना आणखी खाली वाकायला शिकवलं, इतकं की समोरच्या उंच माणसाला वाकताच येऊ नये. इंग्लंडचा माजी कर्णधार स्टीव्ह बॉर्थविक लाइनआउट, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत फेकतानाची उंच झेप, बघू लागला. (२०२३ मध्ये याच बॉर्थविकच्या इंग्लंडने जपानला ३४-१२ असं हरवलं.) २०१३ला वेल्सला तोक्योत २३-८ हरवलं, त्याच वर्षी जोन्सला पक्षाघाताचा झटका आला, त्यातून तो उठला आणि पुन्हा पहाटे पाचला मैदानावर येऊ लागला. हिरोसेचं कर्णधारपद गेलं. ते मायकल लीचकडे आलं. लीच न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा, आई फिजीची. पंधराव्या वर्षी साप्पोरोच्या शाळेत विद्यार्थी म्हणून आला तेव्हा सुकडा होता; तो तिथेच वाढला, पुढे जपानी नागरिक झाला. हिरोसे संघात राहिला, विश्वचषकात त्याला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही, पण देशभरातल्या क्लबांकडून शुभेच्छांच्या चित्रफिती जमवून पोरांना दाखवण्याचं काम त्याने आनंदाने केलं.

१९ सप्टेंबर २०१५. ब्रायटन, समोर दोन वेळचा विश्वविजेता दक्षिण आफ्रिका. चार दिवसांनी स्कॉटलंडशी गाठ होती. करवानच्या हिशेबाने हा सोडायचा सामना. जोन्सने आपली पहिली फळीच उतरवली. मध्यंतराला १०-१२. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेने ट्राय केला की जपानच्या आयुमु गोरोमारूने किक मारून अंतर भरून काढायचं, असं चालू राहिलं. किक मारण्याआधी दोन्ही हात छातीसमोर जुळवून, गुडघ्यात वाकून उभं राहायची त्याची लकब होती. पुढच्या काही महिन्यांत जपानमधली शाळकरी पोरं सरसकट तिची नक्कल करू लागली. त्या दिवशी त्याने २४ गुण केले. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास २९-२९. मग दक्षिण आफ्रिकेची पेनल्टी, २९-३२.

शेवटच्या मिनिटांत जपानने त्यांना गोलरेषेपाशी कोंडलं. दक्षिण आफ्रिकेचा एक खेळाडू पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला. शिट्टी वाजली, जपानला पेनल्टी. गोरोमारूसारखा किकर हाताशी. तीन गुण जवळपास पक्के, म्हणजे ३२-३२. दक्षिण आफ्रिकेशी बरोबरी! १९९१ पासून विश्वचषकात एकही सामना न जिंकलेल्या संघाने यावर आनंदाने घरी जायला हवं. वर बसलेल्या जोन्सनेही तेच सांगितलं: तीन घ्या. खाली लीचने स्क्रम मागितला. जोन्सने हातातला वॉकीटॉकी आपटला.

जी रेटारेटी आपल्याला कधी जमणार नाही असं जपान शंभर वर्षं मानत आला होता, तीच लीचने जगातल्या सर्वांत दांडग्या संघासमोर, ऐंशी मिनिटं संपल्यावर मागितली. चेंडू उजवीकडे गेला, लीच स्वतः घुसला, अडवला गेला. चेंडू पुन्हा सबंध मैदान ओलांडून डावीकडे आला: हिवासाकडून ताटेकावाकडे, त्याच्याकडून टोंगाच्या अमानाकी माफीकडे. माफीने एकाला हाताने बाजूला सारत कडेच्या कार्न हेस्केथला पास दिला. हेस्केथ नुकताच बदली म्हणून आला होता. तो कोपऱ्यात कोसळला तेव्हा घड्याळात चौऱ्याऐंशीवं मिनिट चालू होतं. ३४-३२. नंतरची किक गोरोमारूची चुकली, पण त्याची पर्वा कुणाला होती?

चार दिवसांनी थकलेल्या संघाला स्कॉटलंडने ४५-१० असं हरवलं. करवानचा हिशेब अगदीच खोटा नव्हता तर! सामोआ आणि अमेरिकेला हरवूनही जपान साखळीत तिसरा राहिला. तीन सामने जिंकून बाद फेरीत न पोचलेला विश्वचषकातला पहिला संघ. अमेरिकेविरुद्धच्या विजयानंतर मुलाखत देताना गोरोमारू रडू लागला, त्याला वाक्य पूर्ण करता आलं नाही. कोपऱ्यातला तो ट्राय सगळ्यांना आठवतो. मला हे रडणं जास्त आठवतं, कारण तीन विजयही अपुरे वाटणारा जपानी रग्बीपटू त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

जोन्स इंग्लंडला गेला. त्याच्या जागी जेमी जोसेफ आला. १९९५ला त्याने जपानला तुडवलं होतं, १९९९ला जपानसाठी हरला होता. २०१५ला न्यूझीलंडच्या हायलँडर्स संघाला विजेतेपद मिळवून दिलं तेव्हा त्या संघात जपानचा चिमुकला फुमिआकी तानाकाही होता. २०१९च्या संघात जवळपास निम्मे खेळाडू परदेशात जन्मलेले होते. वीस वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून टोमणे बसले होते. या वेळी ‘वन टीम’ हे संघाचं ब्रीद जपानमधला वर्षाचा शब्द ठरलं. माणसं बदलली नव्हती, ती जिंकत होती एवढंच. पण लीचसारखी पोरं शाळेपासून तिथेच वाढली होती, हेही खरं.

रशियाला हरवलं. शिझुओकात आयर्लंड समोर आला, स्पर्धा सुरू होताना जागतिक क्रमवारीत पहिला असलेला. जपान १९-१२. मग सामोआ. आणि १३ ऑक्टोबरला योकोहामात पुन्हा स्कॉटलंड. आदल्या दिवशी हागिबिस वादळाने पूर्व जपानला झोडपून काढलं होतं. नद्या फुटल्या, कित्येक माणसं दगावली. सामना रद्द झाला असता तर गुण वाटून जपान आपोआप पुढे गेला असता आणि स्कॉटलंड घरी. स्कॉटलंडच्या मंडळाने कायदेशीर कारवाईची भाषा सुरू केली. त्याच दिवशी ईशान्येच्या कामाइशीत नामिबिया-कॅनडा सामना रद्द झालाच. २०११च्या सुनामीत वाहून गेलेल्या शाळांच्या जागेवर उभारलेलं ते मैदान. कॅनडाच्या खेळाडूंनी खेळायचं सोडून गावातल्या रस्त्यांवरचा चिखल उपसला. योकोहामात कर्मचाऱ्यांनी रातोरात स्टेडियम सावरलं. मृतांसाठी सगळे स्तब्ध उभे राहिले, मग खेळ सुरू झाला. आधी स्कॉटलंडचा ट्राय. त्यानंतर मात्सुशिमा, मग कधी न हसणारा केइता इनागाकी, आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय ट्राय, आणि फुकुओकाचे दोन. २८-७. स्कॉटलंडने २८-२१ पर्यंत गाठलं, आणि उरलेली पंचवीस मिनिटं जपानने नुसतं अडवून धरलं.

२० ऑक्टोबरला उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ३-२६ असं हरवलं. तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला सेइजी हिराओ त्रेपन्नाव्या वर्षी वारला होता.

२०२३ला फ्रान्समध्ये चिली आणि सामोआला हरवून जपान ८ ऑक्टोबरला नांतमध्ये अर्जेंटिनासमोर उभा राहिला. जिंकणारा पुढे, हरणारा घरी. ३९-२७ असं अर्जेंटिनाने जिंकलं. त्या सामन्यात जपानच्या एका लॉकने, म्हणजे स्क्रममध्ये रेटण्यासाठी जन्मलेल्या साडेसहा फुटांच्या गड्याने, कडेने मुसंडी मारली, समोरच्याच्या डोक्यावरून चेंडू हलकेच पायाने उचलला, स्वतःच पळत जाऊन तो झेलला आणि गोलरेषेपलीकडे टेकवला. विंगरला शोभावा असा तो ट्राय. त्याचं नाव अमातो फाकाटावा. जन्म टोंगाचा, शिक्षण दाइतो बुंका विद्यापीठात.